नवं पिल्लू, जुनं मांजर: जुळवून कोणाला घ्यायचंय?

जून उजाडला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो: ‘पार्किंगमध्ये पिल्लं सापडलीत, आई दिसत नाही, कोणी घेईल का?’ यात नवल काही नाही. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, गाभणपण साधारण ६३ ते ६५ दिवसांचं, म्हणजे उन्हाळा ते पावसाळा हा पिल्लांचाच हंगाम. आणि ज्यांच्या घरी आधीच एखादं मांजर आहे, तीच माणसं या मजकुराला सगळ्यांत लवकर विरघळतात. ‘एक आहेच, त्याला सोबत होईल.’ पिल्लू घरी येतं, हॉलच्या मधोमध ठेवलं जातं. जुनं मांजर शेपूट फुगवून फिस्कारतं आणि माळ्यावर जाऊन बसतं ते जेवायलाही खाली येत नाही.

मग सगळं घर पिल्लाची काळजी करू लागतं. खरं तर पिल्लाचं फारसं काही अडत नाही. आठ-दहा आठवड्यांचं निरोगी पिल्लू थोडे दिवस बुजतं आणि मग घर आपलंच असल्यासारखं हुंदडू लागतं. अवघड जातं ते मोठ्या मांजराला. म्हणून पुढचं सगळं वेळापत्रक मोठ्याच्या कलानं ठरवायचं, पिल्लाच्या उत्साहावर नाही.

मांजराला सोबत हवी असते का?

आपल्या घरातली मांजरं ज्या रानमांजरापासून आली, ते फेलिस लिबिका आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात राहणारं, एकट्यानं उंदीर-घुशी मारून जगणारं जनावर आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. एवढ्या सहवासातही एकट्यानं शिकार करायची आणि हद्द राखायची सवय मांजरानं सोडलेली नाही.

मग मासळीबाजाराच्या मागे दहा-दहा मांजरं एकत्र कशी दिसतात? तिथे खाणं मुबलक असतं म्हणून. अशा गटाचा गाभा बहुधा नात्यातल्या भाट्यांचा, म्हणजे माद्यांचा असतो: आई, मुली, मावश्या. त्या एकमेकींना चाटतात, अंगं घासतात, एकमेकींची पिल्लंही पाजतात. पण बाहेरून आलेल्या अनोळखी मांजराला हाकलूनच लावतात. तुमच्या घरात आलेलं पिल्लू मोठ्या मांजराच्या हिशेबानं तसंच बाहेरचं. ते गोंडस आहे हे फक्त तुम्हाला दिसतं.

ओळख नाकानं पटते

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटरीला गाल घासतं तेव्हा तिथे आपला वास लावत असतं. तोंडातल्या टाळूच्या वर वास हुंगणारं आणखी एक इंद्रिय असतं, त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. काहीतरी हुंगून मांजर तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर वेंधळ्यासारखं बघतं ना, तेव्हा ते हेच इंद्रिय वापरत असतं.

एका घरात राहणाऱ्या मांजरांचा एक सामाईक वास तयार होतो. सोसायटीच्या गेटवरचा कडक वॉचमन जसा तोंडओळख असूनही पास मागतो, तसं मांजर हा वास मागतं. पास नसेल तर चेहरा ओळखीचा असूनही उपयोग नाही. म्हणून वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या दोन मांजरांतलं एक दवाखान्यातून परत आलं की दुसरं त्याच्यावर फिस्कारतं.

पिल्लाला समोर आणून ‘बघ, बाळ आलंय’ म्हणण्यात चूक होते ती इथे. नजरेचा नंबर शेवटचा. आधी वास, मग त्या वासाशी जोडलेली एखादी चांगली गोष्ट, आणि मग दर्शन.

पण त्याहीआधी डॉक्टर

पार्किंगमधून उचललेलं पिल्लू पहिल्या दिवशी थेट दवाखान्यात न्यावं, घरी एक चक्कर मारून नव्हे. आधी वय आणि वजन. साधारण एका महिन्यामागे ४५० ग्रॅम हा ढोबळ हिशेब. दोन महिन्यांचं पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. डोळ्यांचा निळा रंग सहा-सात आठवड्यांनंतर पालटू लागतो. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर त्याला ऊब आणि बाटलीचं दूध लागतं. तो विषय वेगळा, हा लेख त्यासाठी नाही.

सगळ्यांत मोठी धास्ती पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या पार्वोची. हा विषाणू आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, दोन्हींवर घाला घालतो. उलट्या, जुलाब, मलूलपणा, आणि लहान पिल्लं बघता बघता जातात. घरात तो वर्षभरही टिकू शकतो. त्यामुळे ज्या घरात गेल्या वर्षात एखादं मांजर या रोगानं गेलं असेल, तिथे लस न झालेलं पिल्लू आणूच नये. यावरची लस इतर दोन रोगांच्या लसींसोबत एकत्रच मिळते. पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, वय किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. पुन्हा पुन्हा का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. मोठ्या मांजराची वार्षिक लस राहून गेली असेल, तर पिल्लू आणायच्या आधी उरकायची.

फरशी पुसायला आपल्याकडे सवयीनं काळं फिनाईल वापरतात, नाहीतर पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं जंतुनाशक. दोन्ही मांजरांच्या घरात नकोत. त्यांतल्या फिनॉल वर्गातल्या रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला जमत नाही, आणि ओली फरशी तुडवून पंजे चाटले की ते पोटात जातं. पार्वोसाठी साधं ब्लीच उपयोगी: एक लिटर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं पुसून, पूर्ण वाळल्यावरच मांजराला आत सोडायचं. लघवीच्या ट्रेमध्ये मात्र थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो. ट्रे आधी साबणानं धुवा.

पिसवांसाठी घरात कुत्र्याचं औषध पडलेलं असतं, तेच थोडंसं लावू, हा मोह जीवघेणा आहे. कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. त्यानं मांजराला झटके येतात आणि ते मरू शकतं. जंताचं औषध डॉक्टर वजनावर ठरवतात; लहानपणी ते दर दोन आठवड्यांनी लागतं. रक्ताचा ल्युकेमिया आणि मांजरांचा एड्स या दोन विषाणूंची चाचणी करून घ्यावी. दुसऱ्याची चाचणी पिल्लात आईच्या प्रतिपिंडांमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा सहा महिन्यांच्या वयानंतर पुन्हा तपासल्याशिवाय घाबरून जायचं नाही.

यानंतर दोन आठवडे पिल्लू वेगळं. हा काळ मनमानी नाही. पार्वो, सर्दीचे विषाणू आणि गजकर्ण, सगळ्यांना वर यायला काही दिवस लागतात. गजकर्णाला तर एक ते तीन आठवडे. ते माणसांनाही होतं, म्हणून कानांच्या कडा आणि पंजे रोज उजेडात बघावेत.

वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणायची?

हा आक्षेप रास्त आहे. बेडरूम देता आली तर उत्तम. पण मोठं मांजर रोज तुमच्या पायाशी झोपत असेल, तर ती खोली पिल्लाला देऊ नका; एकाच दिवशी त्याची हद्द आणि माणूस दोन्ही हिरावल्यासारखं होईल. मग बाथरूम चालेल. छोटी जागा पिल्लाला अडचणीची वाटत नाही, उलट धीर देते. बादल्या रिकाम्या करून उलट्या ठेवा, कमोडचं झाकण बंद, गीझरच्या वायरी वर बांधा, कोरड्या फरशीवर गोणपाट. बाल्कनी मात्र नको, जाळी असली तरी. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीच्या कडेतून पिल्लू सहज निसटतं.

आत काय हवं? सात-आठ सेंटिमीटर उंच कडेचा ट्रे, आणि त्यात अगदी लहान पिल्लासाठी गोळे न होणारी रेती, कारण ते ती चाखून बघतं. एका कुशीवर ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका, आत जुना टी-शर्ट. पाणी ट्रेपासून लांब. खाणं दिवसातून चार वेळा.

खाण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण दूध-पोळीवर मांजर वाढवण्याची आपली परंपरा जुनी आहे. दूध सुटल्यावर मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात. पोळीत, भातात टॉरिन नसतं. हे अमिनो आम्ल मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही आणि ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात. पिल्लांसाठीचं तयार खाणं हा सोपा मार्ग. उकडलेलं चिकन वरखर्चाला ठीक, पण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं, त्यामुळे पूर्ण आहार म्हणून ते चालत नाही.

पिल्लू पहिल्या रात्री रडेल. भावंडांच्या उबेची सवय असते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा. दार उघडून दोघांना एकत्र झोपवण्याचा विचार मनात येईल, तो परतवून लावा.

वास, जेवण, नजर

आता एक पेच. रोगांसाठी वेगळं ठेवायचं, आणि वासासाठी कापडांची अदलाबदल करायची, हे परस्परविरोधी आहे. कापडावरून गजकर्णही जातं. म्हणून पहिले पाच-सात दिवस अदलाबदल नाही. पिल्लाला हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे आणि त्या खोलीत वेगळा शर्ट घालायचा. दाराच्या फटीतून जेवढा वास येतो तेवढा सुरुवातीला पुरे. डॉक्टरांनी त्वचा आणि पोट ठीक असल्याचं सांगितलं, मोठ्याची लस झालेली आहे, मगच पुढे.

एक स्वच्छ पायमोजा पिल्लाच्या गालांवर चार-पाच वेळा हळूच फिरवा आणि मोठ्याच्या वाटेत ठेवून द्या. नाकाशी नेऊन धरू नका, त्याच्या अंथरुणावर किंवा ताटलीखालीही नको. हुंगून निघून गेलं, तर उत्तम. दुर्लक्ष ही मांजराच्या जगातली संमती आहे. फिस्कारलं तर मोजा दूर सरकवा आणि शेजारी त्याचा आवडता खाऊ ठेवा. उलट्या दिशेनंही हेच.

दोघांना मोज्याचं काही वाटेनासं झालं की जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या दिवशी दारापासून दोन मीटरवर. दोघं शांतपणे ताटली संपवत असतील, तर दर एक-दोन दिवसांनी वीतभर जवळ. मोठं मांजर खाणं सोडून दाराकडे टक लावू लागलं, तर आदल्या जागी परत. इथे घाई करणारे पुढे महिनाभर निस्तरत बसतात.

मध्येच जागांची अदलाबदल करा. मोठ्याला पिल्लाच्या खोलीत बंद करून तासभर पिल्लाला घरभर फिरू द्या. पिल्लाला पळवाटा आणि लपायच्या जागा कळतात, आणि त्याचा वास मोठ्याशी गाठ न पडताच घरात पसरतो.

मग नजर. बऱ्याच फ्लॅटांत जाळीचं दार असतंच. नसेल तर दार अगदी थोडं उघडं ठेवून दोन्ही बाजूंनी पक्कं अडवा. फट याहून मोठी झाली की पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की पिल्लू गेलं. दोघांना आपापल्या बाजूला चविष्ट काही द्या आणि पाच मिनिटांनी दार लावा. पिल्लाला पिंजऱ्यात घालून मोठ्यासमोर ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो मला पटत नाही. अडकलेल्या पिल्लाला पळता येत नाही, मोठं टक लावून बसतं, आणि दोघांच्याही मनात पहिली आठवण भीतीची उरते.

समोरासमोर आणण्याआधी पिल्लाला दोरीमागे पंधरा मिनिटं पळवून दमवा आणि खाऊ घाला. मोठ्याला भांडणाचा नव्हे, उड्या मारणाऱ्या पिल्लाचाच वैताग जास्त येतो. मोठ्यासाठी उंच जागा मोकळी हवी: फ्रीजचा माथा, कपाटावरचा कोपरा, जिथे पिल्लू चढू शकत नाही. पहिली भेट दहा मिनिटांची, आणि सगळं सुरळीत असतानाच संपवायची.

फिस्कारलं म्हणजे बिनसलं का?

नाही. फिस्कारणं म्हणजे ‘आणखी जवळ येऊ नकोस’ एवढंच. पिल्लू ऐकून मागे सरकलं तर संवाद झाला. पंजा नख्या न काढता एकदा डोक्यावर आपटला, तेही शिकवणंच. यासाठी मोठ्याला रागावू नका. ते सूचना द्यायचं थांबवेल आणि थेट चावेल.

खेळात पाळ्या असतात: कधी एक वर, कधी दुसरं, मध्ये थांबणं, आणि आवाज जवळजवळ नाही. भांडणात कान आडवे होऊन डोक्याला चिकटतात, अंग फुगतं, किंचाळणं येतं, केसांचे पुंजके पडतात. असं झालं तर हात मध्ये घालू नका. मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर चिघळतो. दोघांमध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा, मोठ्याला अंधाऱ्या खोलीत काही तास शांत राहू द्या, आणि उद्या दोन पायऱ्या मागून सुरुवात करा.

खरी काळजी शांत दादागिरीची. एक मांजर पॅसेजमध्ये नुसतं पडून राहतं, बघतं, आणि दुसरं ट्रेकडे जायचं टाळतं. माणसाला वाटतं, किती छान लोळतंय.

ट्रेंचा हिशेब

जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. दोन मांजरांना तीन. पण बाथरूममध्ये शेजारीशेजारी ठेवलेले तीन ट्रे हा एकच ट्रे, कारण दारात बसून एक मांजर तिन्ही अडवू शकतं. ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत. एक पलंगाशेजारी ठेवणं जिवावर येईल. सोफ्याच्या वासापेक्षा ते परवडतं. ताटल्याही वेगळ्या, आणि अर्ध्या तासात उचलायच्या. पिल्लाचं खाणं जास्त कॅलरींचं असतं आणि मोठं ते खाऊन फुगतं.

मोठ्यावर ताण आला तर तो बहुधा इथेच दिसतो: ट्रेबाहेर लघवी, पोटावरचे केस चाटून विरळ होणं, जेवण सोडणं. दिवसभर काही न खाल्लेलं मांजर, त्यातही लठ्ठ, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. उपाशी राहिल्यानं यकृतात चरबी साचते. आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, पण थेंब येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत त्यानं जीव जातो.

‘गावाकडे कुठे असले लाड असतात?’

गावाकडे घराला परसू असतं, गोठा असतो, शेजारचं कौल असतं. न पटलेलं मांजर निघून जातं. किती पिल्लं जगली आणि किती बोक्यांनी मारली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सहाशे चौरस फुटांच्या बंद फ्लॅटमध्ये निघून जायची सोय नाही. म्हणून ती सोय आपण करायची, दार लावून आणि उंच जागा देऊन.

दुसरा आक्षेप: आमच्याकडे तर दोन दिवसांत एकत्र झोपली. होतं असं. मोठं मांजर वर्ष-दीड वर्षाचं, खेळकर, लहानपणी इतर मांजरांत वाढलेलं असेल तर जमतं. बारा-चौदा वर्षांच्या, सांधे धरलेल्या भाटीकडून तशी अपेक्षा ठेवू नये. तिच्या घरात पिल्लू आणायचंच असेल, तर एकापेक्षा दोन भावंडं बरी. ती एकमेकांवर उड्या मारतात आणि म्हातारीला सोडतात. अर्थात ट्रेही वाढतात.

किती दिवस लागतात?

पिल्लू असेल तर बहुतेक घरांत तीन ते सहा आठवडे, कधी काही महिने. सगळी मांजरं जिवलग होत नाहीत. एका खोलीत दोन टोकांना झोपतात, ट्रेपर्यंत निर्धास्त जातात, जेवतात: एवढं झालं की जमलं म्हणायचं. दोन-तीन महिन्यांनंतरही मोठं मांजर बाहेर यायला धजत नसेल किंवा रक्त निघत असेल, तर पिल्लासाठी दुसरं घर शोधणं हा पराभव नाही. ते लहान आहे तोवर घर मिळणंही सोपं जातं.

नसबंदी चार-पाच महिन्यांच्या वयातच उरकावी. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते, आणि वयात आलेला बोका घरभर लघवीच्या पिचकाऱ्या मारू लागला की जमलेलं सगळं विस्कटतं. शस्त्रक्रियेनंतर पिल्लू स्पिरिट आणि भुलीच्या औषधाच्या वासानं भरून परत येतं, आणि मोठं पुन्हा फिस्कारतं. घाबरू नका. त्या रात्री पिल्लू जुन्या खोलीत, त्याच जुन्या टी-शर्टवर. दुसऱ्या दिवशी मोठ्याच्या अंथरुणातलं फडकं घेऊन पिल्लाच्या पाठीवर आणि गालांवर फिरवा, टाक्यांना न लावता. मग दोघांना दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. या वेळी दार बहुधा एक-दोन दिवसांतच उघडता येतं.